उचंत खात्यातला सरडा

संशयित म्हणजे खोटा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आयुष्यात एकदा तरी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसून पाहावं. मी गेली वीस-बावीस वर्षं बसतोय. त्या बसण्यातून मला दोनच गोष्टी मिळाल्या. एक कंबरदुखी आणि दुसरं संशयाचं शास्त्र. बँकेत संशयाला वर्ग आहे, टक्केवारी आहे, ताळेबंदात मानाची जागा आहे. कर्जाचा हप्ता थकला आणि नव्वद दिवस उलटले की कर्ज आजारी पडतं. मग ते 'सब-स्टँडर्ड' होतं. वर्षभर त्याच अंथरुणावर लोळलं की 'डाउटफुल' होतं. आणि अगदीच आशा सुटली की 'लॉस'. आता नीट लक्ष द्या, डाउटफुल आणि लॉस हे दोन निरनिराळे रकाने आहेत. डाउटफुलची फाइल आम्ही जाळत नाही. उलट चांगल्या कर्जदाराची फाइल कपाटामागे पडलेली असते आणि डाउटफुलची साहेबांच्या टेबलावर.

शिवाय ज्या रकमेचा धनी ठरत नाही तिच्यासाठी आपल्या पूर्वजांनी उचंत खातं नावाची एक फार समंजस सोय करून ठेवलेली आहे. रक्कम खरी आहे, कुणाची ते ठरायचं आहे, तोवर बस बापडी तिथं. तिला कुणी खोटी म्हणत नाही.

हे सगळं इतक्या तावातावानं सांगण्याचं कारण एक सरडा आहे. सरडा म्हणजे त्याच्या नावाचा अर्थ तसा. अंगानं तो आमच्या बँकेच्या इमारतीत मावला नसता.

येडशी स्टेशनच्या बाहेर संध्याकाळी आमची चहाची बैठक असते. तिथं एक निवृत्त विज्ञान शिक्षक येतात. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो आणि ते मला 'काय हो बँकवाले' म्हणतात. नातवाच्या पुस्तकातून त्यांना शोध लागला की टायटॅनोसॉरस नावाचा जो आपला पहिला भारतीय डायनासोर, त्याचं नाव शास्त्रज्ञांनी 'नॉमेन डुबियम' म्हणजे संशयित ठरवलेलं आहे. सरांनी कप खाली ठेवला आणि निकाल दिला, "म्हणजे बोगस! सव्वाशे वर्षं आपल्याला फसवलं लेकाच्यांनी." चार टाळकी होती, तिघांनी माना डोलावल्या. चौथा मी.

माझा या 'म्हणजे बोगस'शी कायमचा वाद आहे.

मुळात झालं ते असं. १८२८ साली जबलपूरच्या छावणीजवळ बडा शिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना दगड झालेली काही हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारे स्लीमन ते हेच. ठगांकडून त्यांनी जबान्या काढल्या, पण या हाडांची जबानी घेणारं तेव्हा कुणी नव्हतं. 'डायनासोर' हा शब्दच मुळी १८४२ मध्ये जन्माला आला. हाडं फिरत फिरत कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेली. या गृहस्थांनी ब्राह्मी लिपी वाचून दाखवली, पण या हाडांवरची लिपी तशीच राहिली. अखेर १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीचे दोन मणके पाहिले आणि नाव ठेवलं टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतीय डायनासोरचं हे पहिलं बारसं. पाळण्यात बाळ नव्हतं, बाळाच्या शेपटीचे दोन तुकडे होते, पण बारसं थाटात झालं.

लिडेकर यांना काय विशेष दिसलं? तर त्या मणक्यांची घडण. पुढून वाटीसारखे खोलगट, मागून गोटीसारखे फुगीर, एकाची गोटी दुसऱ्याच्या वाटीत. डायनासोरच्या शेपटीत असं त्यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. ही त्या प्राण्याची ओळखखूण, आमच्या भाषेत नमुना सही. मग जगात जिथं जिथं वाटी-गोटीची शेपटी सापडली तिथं तिथं टायटॅनोसॉरस निघायला लागला. अर्जेंटिना झालं, युरोप झालं, मादागास्कर झालं, लाओस झालं. एका नावावर डझनाहून अधिक जाती जमा झाल्या. जबलपूरच्या बाळाचं गोत्र जगभर पसरलं.

आणि तिथंच घात झाला. १९९०-२००० पर्यंत इतकी हाडं निघाली की वाटी-गोटी ही एका प्राण्याची खूण नसून एका भल्यामोठ्या खटल्याची, सबंध भाऊबंदकीची खूण आहे हे ध्यानात आलं. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या दोघांनी सगळी खाती तपासली आणि शेरा मारला की या दोन मणक्यांवरून हा प्राणी दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही, सबब नाव संशयित. गंमत बघा, त्या सगळ्या भाऊबंदांच्या गटाला आजही 'टायटॅनोसॉर'च म्हणतात. आडनाव चालू, मूळपुरुष उचंत खात्यात!

आता यात बोगस काय आहे, सांगा. लिडेकर खोटं बोलले नाहीत. मणके प्लॅस्टरचे नव्हते. त्या प्राण्याचा गुन्हा एवढाच, की तो आधी सापडला आणि त्याच्यासारखे पुढे पुष्कळ निघाले. हे दुःख मला कळतं, कारण मी कॉमर्सचा पदवीधर आहे. आमच्या आळीत मी पहिला बी.कॉम. होतो. 'बी.कॉम.चं घर' एवढं सांगितलं की माणूस दारात हजर. आज आमच्या आळीत दगड मारला तर तो बी.कॉम.लाच लागतो, आणि ज्याला लागतो त्याच्याकडे वरती एम.बी.ए.ही असतं. परवा कुरियरवाला 'बी.कॉम.चं घर' विचारत चार दारं हिंडला आणि पार्सल परत घेऊन गेला. म्हणून मी बोगस झालो का? पदवी खरी आहे, विद्यापीठाचा शिक्का आहे, फक्त तिच्यावरून आता मला ओळखता येत नाही.

सरांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, नाव एकदा संशयात आलं की माणसानं त्याचा नाद सोडावा. हे वाक्य येडशीत बसून बोलायचं म्हणजे धाडस आहे. इंग्रजीत आमच्या गावाचं स्पेलिंग निदान तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. मराठीत कुणी येडशी लिहितो, कुणी येडेशी. बाहेरगावी नाव सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे निरखून बघतो. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा रबरी शिक्के बदलता बदलता आमची बोटं निळी झाली. पण गाव हललं नाही. बालाघाटच्या डोंगरात जिथं होतं तिथंच आहे, आणि श्रावणात रामलिंगला जाणारी गर्दी स्पेलिंग विचारत नाही.

आणि काउंटरवर मी रोज बघतो ते काय? सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकावर तिसरं. म्हातारी समोर उभी असते, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत कागदांची पुरचुंडी. कॉम्प्युटर सांगतो, नाव जुळत नाही. तिचं अनुदान अडकतं. "मी हाय की रं बाबा हितं उभी," ती म्हणते. तिला बोगस म्हणण्याची माझी हिंमत नाही. कागद अपुरे आहेत, बाई पुरी आहे. अशा वेळी करायचं काय असतं? तिला हाकलायचं नसतं आणि डोळे झाकून पैसेही द्यायचे नसतात. कागद सांभाळायचे, नोंद करायची, जुळणी होईपर्यंत थांबायचं. शास्त्रज्ञ 'संशयित' म्हणतात तेव्हा तेही एवढंच करतात. फक्त लॅटिनमध्ये करतात, म्हणून आपल्याला ते जास्त कठोर वाटतं.

पण म्हणून शास्त्रज्ञांना मी सरसकट सोडतो असं नाही. माझी त्यांच्यावर एक फिर्याद आहे आणि ती चंद्रपूर जिल्ह्यातली आहे.

वरोरा तालुक्याच्या त्या बाजूला पिजदुरा नावाचं गाव आहे. लिडेकर यांनी १८७९ मध्ये तिथल्या शेपटीच्या हाडांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी अशी दुसरी जात लिहिली. तीही आज संशयित. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत मात्र १९८० च्या दशकात घबाड मिळालं. मान, पाठ, शेपूट, पुढचे पाय. डोकं नाही, पण सरकारी कामाला लागतं तेवढं सगळं होतं. १९९७ मध्ये जैन आणि बंद्योपाध्याय यांनी त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटलं. म्हणजे त्या अभागी नावाला अखेर एक धड अंग मिळालं. आणि २००३ च्या त्याच तपासणीत ते काढून घेतलं गेलं. जबलपूरचे मणके आणि डोंगरगावचा सांगाडा एकाच्याच कुळातले आहेत हे दाखवता येत नाही, म्हणून सांगाड्याला नवं नाव दिलं, आयसिसॉरस. कशावरून, तर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. म्हणजे प्राणी चंद्रपूरचा, पहिलं नाव कलकत्त्याच्या संस्थेचं आणि दुसरं एडविन कोल्बर्ट या अमेरिकन माणसाचं. डोंगरगावच्या वाट्याला खड्डा.

आता तुम्ही म्हणाल, नियम म्हणजे नियम. मला नियम शिकवू नका, मी बँकेत आहे. नियमाच्या पोटातच पळवाट असते आणि ती कुणासाठी उघडते हे बघायचं असतं. इंग्लंडचा इगुआनोडॉन घ्या. १८२५ मध्ये गिडियन मँटेल यांनी त्याचं नाव ठेवलं ते दातांवरून. नुसत्या दातांवरून! पुढे ते दातही ओळख पटवायला अपुरे पडले. मग काय झालं? प्राण्यांच्या नावांसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग आहे त्यानं २००० साली बेल्जियममध्ये मिळालेल्या अख्ख्या सांगाड्यांची जात त्या नावाला रीतसर दत्तक दिली. नाव वाचलं. इंग्लंडच्याच सीटिओसॉरसचीही अशीच व्यवस्था २०१४ मध्ये झाली. दत्तकविधान कायदेशीर आहे, दोनदा झालेलं आहे. मग भारताच्या पहिल्या डायनासोरला डोंगरगावचा वारस देऊन नाव का वाचवलं नाही? विल्सन-अपचर्च यांचा तपास बिनचूक असेल, मी त्यांच्या बेरजेवर बोट ठेवत नाही. पण बेरीज बरोबर असूनही निवाडा कोरडा असू शकतो, हे ज्याचं कर्ज नामंजूर झालंय त्याला विचारा.

इथवर सर गप्प ऐकत होते. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "बरं, मग तो तमिळनाडूचा बृहत्कायोसॉरस? त्यालाही सांभाळायचं का?"

हे पान चांगलं होतं, मान्य करायला हवं. १९८७ मध्ये यादगिरी आणि अय्यासामी यांनी अरियालूरजवळच्या कल्लमेडूच्या हाडांवरून हे नाव दिलं. नाव संस्कृत, बृहत्काय, प्रचंड देहाचा. नडगीचं हाड दोन मीटर लांब! आधी तो मांसाहारी ठरवला होता, मग तज्ज्ञ म्हणाले हा तर झाडपाला खाणाऱ्या लांब मानेवाल्यांतला. कुणाला शंका आली की हे हाड आहे की दगड झालेलं लाकूड. पुन्हा जाऊन बघावं म्हणाल तर हाडंच शिल्लक नाहीत. ठिसूळ होती, भुगा झाली. उरली ती चित्रं. पुढे २०२२ मध्ये जुने फोटो प्रसिद्ध झाले आणि लगेच २०२३ मध्ये त्यांवरून वजनाचे अंदाजही निघाले, शंभर टनांच्या पुढचे. जगातला सगळ्यात वजनदार चतुष्पाद, आणि त्याचं आजचं खरं वजन म्हणाल तर चार फोटो.

आमच्याकडे अशी केस आली तर काय होईल सांगतो. तारण ठेवलेली वस्तू विरघळली, तिचा फोटो फाइलला आहे, आणि कर्जदार फोटो दाखवून वाढीव कर्ज मागतोय. इन्स्पेक्शनला आलेले साहेब चहासुद्धा घेणार नाहीत. पण बघा, इथंही मी बोगस म्हणत नाही. हाड नव्हतंच असं कोण म्हणतं? मी म्हणतो, हाड सांभाळलं का नाही? वर्षानुवर्षं जमिनीखाली टिकलेली वस्तू माणसाच्या हाती आली आणि टिकली नाही, याचं कुणाला काही वाटत नाही. वाटतं ते कशाचं, तर शंभर टनांचं. वर्तमानपत्रात टन छापून येतात. भुगा छापून येत नाही.

आणि तमिळनाडूलाच नावं कशाला ठेवायची? ज्या मणक्यांवर सगळं गोत्र उभं होतं ते जबलपूरचे मणके कलकत्त्यात कित्येक वर्षं बेपत्ता होते. चोरीला गेले नव्हते, गेले होते कपाटात. आणि कपाटात गेलेली वस्तू आपल्याकडे चोरीला गेलेल्या वस्तूपेक्षा उशिरा सापडते. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साठ्याची झाडाझडती घेतली तेव्हा त्यातलं हाड सापडलं. टिळे लावून, पेढे वाटून साजरी करावी अशी घटना. आमच्या बैठकीत मी ती सांगितली तेव्हा एकानं फक्त विचारलं, "मग कपाट कुठल्या कंपनीचं होतं?"

माझा सगळा राग इथं आहे. नावावरून भांडा, हवं तेवढं भांडा, नाव म्हणजे व्हाउचरवरची सही, ती पुन्हा घेता येते. पण व्हाउचरच हरवलं तर सही कशावर घेणार? संशय ही चैन आहे, आणि ती परवडते कधी, तर हाड कपाटात क्रमांक लावून ठेवलेलं असतं तेव्हा.

पिजदुऱ्याचंच बघा. तिथल्या शेतांत हाडांच्या तुकड्यांबरोबर दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात. हसू नका. चार्ल्स मॅटली यांनी १९३९ मध्ये या गोळ्यांवर अख्खा निबंध लिहिला, आणि २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, अशोक सहानी आदींनी तेच गोळे सूक्ष्मदर्शकाखाली घातले तेव्हा आत गवताच्या पेशींचे वाळूसारखे कण निघाले. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, ते पुढे आलं, असं तोवर समजत. पिजदुऱ्याच्या शेणानं जगाची पाठ्यपुस्तकं बदलायला लावली. म्हणजे हाडाचं नाव संशयित आणि शेणाची साक्ष पक्की! आता ते गोळे पहिल्याच दिवशी कुणी 'घाण आहे, टाका' म्हणून टाकले असते तर? शेतात नांगर फिरतो, पाऊस पडतो, एखादा गोळा वर येतो, आणि येणारा-जाणारा त्याला खिशात घालू शकतो. केंद्राच्या खाण मंत्रालयानं २०२२ मध्ये अशा भूवारशाच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा काढला होता. मसुदा हा शब्द आम्हा बँकवाल्यांच्या फार ओळखीचा आहे, म्हणून मी त्याविषयी जास्त बोलत नाही.

"तुम्हाला चंद्रपूरचा एवढा पुळका का?" सर म्हणाले. "आपल्या येडशीला काय सापडलंय?"

येडशीला काही सापडलेलं नाही, आणि सापडेल असं मी म्हणतही नाही. आपण ज्याच्यावर उभे आहोत तो काळा फत्तर म्हणजे लाव्हा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. चंद्रपूर-नागपूरकडे या झाकणाची कड आहे, म्हणून तिथं खालचं दिसतं. आपण झाकणाच्या मध्यावर. मागं एकानं विहिरीतून पांढरा दात काढून बँकेत दाखवायला आणला होता, तो निघाला स्फटिक. तरी हौस म्हणून त्यानं तो दात देव्हाऱ्यात ठेवला. पण झाकणाखाली काहीच नाही असंही नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा मी शाळेत होतो. ती पहाट आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. पुढे भूकंपाचा अभ्यास करायला किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर फत्तर संपल्यावर आठेक मीटर गाळाचा थर लागला. लाव्हा येण्याआधीची जमीन. कुणी चालली असेल तिच्यावर, कुणी नसेल. एवढ्याशा छिद्रातून कुळ ठरत नाही. मी म्हणतो, 'माहीत नाही' असं लिहून ठेवायला लाज कसली?

सर रामभक्त आहेत. म्हणून शेवटी मी रामलिंगावर आलो. रामलिंगाच्या दरीत जटायू पडला अशी आपली आख्यायिका. त्याचं स्थान आपण दाखवतो, हात जोडतो. पण वाल्मीकींनी काय सांगितलंय? रक्तानं माखलेला तो पक्षी दिसताच रामाला पहिला आला तो संशयच, की हा गिधाडाचं रूप घेतलेला राक्षस असावा आणि यानंच सीतेला खाल्लं असावं. धनुष्याला बाण लावून राम पुढे झाला. पण जवळ गेला आणि जटायूचं बोलणं ऐकून घेतलं. आपले सर असते तर लांबूनच 'बोगस' म्हणून बाण सोडून मोकळे झाले असते, आणि सीतेला कुणी नेलं ते आजतागायत कळलं नसतं.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. लातूरकडची गाडी येऊन गेली. मग त्यांनी खिशातून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं, वरोऱ्याला मुलीकडे गेले होते तेव्हा जावयाच्या शेजाऱ्यानं दिलेलं. वाटोळं, तपकिरी, लिंबाएवढं.

"देव्हाऱ्यात ठेवायचं म्हटलं तर सौभाग्यवती ठेवू देत नाहीत," ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे छोट्या लॉकरचं वर्षाचं भाडं काय पडतं हो?"